पावसाला पुरून उरेल तोच बोहो

घरपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मावशी, लग्न झाल्यापासून आम्ही पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिसरा मजला, हॉल दहा बाय चौदा. फोनवर बघून बघून मला बोहो घराचं, म्हणजे झालरी-वेत-लटकनांच्या भटक्या थाटाचं, वेड लागलं. फेब्रुवारीत मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्यांच्या गाठींचं, भिंतीवरचं लटकन, तागाचा गोल गालिचा, वेताची खुर्ची, झालरीचे अभ्रे, सगळं ऑनलाइन मागवलं. वीस हजार गेले. जुलैत लटकनावर काळे ठिपके आले आणि गालिच्याला कुबट वास सुटला. घरमालकांनी भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं बजावलंय. सासूबाई सत्तरीच्या. चवथीची तयारी करायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "हें घर काय शॅक गो?" म्हणजे किनाऱ्यावरची झावळ्यांची खानावळ! नवरा हसला, मला रडू आलं. आता हातात आठ हजार आहेत. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, पर्वरी

उत्तर : बाय, आधी ते लटकन खाली काढ. उत्तर वाचून संपेपर्यंत थांबू नकोस, तेवढ्यात बुरशी उशांवर जाईल. तोंडाला फडकं बांध, बाल्कनीत नेऊन कोरड्या ब्रशनं झटक. बादलीभर पाण्यात दोन कप पांढरं व्हिनेगर घालून तासभर बुडव, मग कपड्याच्या पावडरीनं धू. पिळायचं मात्र नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि काठीवर ओळीनं बांधून पंख्याखाली टांगायचं, नाहीतर गाठी आटून वाकड्या होतात. काळे डाग सगळे जाणार नाहीत. राहिलेच तर कडक कोऱ्या चहात रात्रभर ठेव. रंग तपकिरी होईल आणि डाग त्यात मुरतील. मी तीन लटकनं अशी वाचवलीत. चौथं फेकलं.

तागाचा गालिचा वाचेल असं मला वाटत नाही. ताग पाणी पितो आणि आतून सुकत नाही, धुतला तर तपकिरी डाग उठतात. एक कडकडीत ऊन मिळालं तर उलटा टाकून बघ. वास राहिला तर त्यात जीव अडकवू नकोस.

फोंड्यात मी २७ वर्षं पडदे आणि उशा शिवल्या. पूर्वी गिऱ्हाइकं मासिकाचं पान फाडून आणायची, पुढे फोन पुढे करायला लागली. पण चित्रातलं घर असायचं कुठल्यातरी कोरड्या मुलखातलं, आणि त्या खिडकीबाहेर कधी पाऊस नसायचा. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण लागत नाही, आणि आपल्या जुलैत ती त्याच्याही बरीच वर असते. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक कापडाला मी एकच प्रश्न विचारते : चवथीच्या आठवड्यात एका दुपारच्या उन्हात तू वाळशील का? नाही म्हणालं तर ते माझ्या घरात येत नाही, मग ते कितीही देखणं असो. तुझ्या यादीत त्या परीक्षेला एकटे अभ्रेच पास झाले.

सासूबाईंचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस, पण त्या अगदीच चुकल्या असंही नाही. हा थाट गोव्यानं पहिल्यांदा पाहिला तो हणजुणेच्या (अंजुनाच्या) वाळूवर. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येऊन राहिले. पैसे संपले की राहण्याखाण्यासाठी, परतीच्या तिकिटासाठी जीन्स, रेडिओ, कॅमेरे चादरीवर मांडून विकायचे. त्यातूनच बुधवारचा बाजार उभा राहिला. आता तिथे मिळणाऱ्या चादरी, आरशांच्या पिशव्या, टांगायच्या माळा बहुतेक बाहेरून येतात आणि पुन्हा बाहेरच जातात. सासूबाईंच्या वयाच्या बाईला 'बोहो' म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येणार.

आणि शब्दाची तर गंमतच आहे. 'बोहो' हे 'बोहेमियन'चं लघुरूप. बोहेमिया हा चेक देशातला प्रांत. फ्रान्समध्ये भटके रोमा लोक आले, ते तिकडूनच आले असं समजून फ्रेंचांनी त्यांना 'बोहेमियन' म्हटलं. पुढे पॅरिसातल्या कफल्लक चित्रकारांना आणि कवींना तेच नाव चिकटलं. रोमा लोकांचे पूर्वज मात्र सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या वायव्य भारतातून निघालेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालंय. त्यांच्या भाषेत डोळ्याला 'याख' म्हणतात आणि नाकाला 'नाख'. म्हणजे आपल्याकडूनच गेलेल्यांच्या नावाचा गालिचा तू वीस हजारांच्या पार्सलात मागवलास, आणि तो आपल्याच पावसात कुजला. सासूबाईंना ही गोष्ट सांग, हसतील.

खरं म्हणजे टांगण्याचं शास्त्र गोव्याला कोणी शिकवायला नको. तुझ्या सासूबाई चवथीला माटोळी बांधतात ना? गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला केवणीच्या दोरानं बांधलेले नारळ, सुपाऱ्यांचे घड, रानातली कसली कसली फळं आणि फुलं. रंग कसे मांडावेत, जड काय मध्ये, हलकं काय कडेला, हे त्या बायका कागदावर न काढता करतात. यंदा माटोळी उतरली की रिकामी चौकट भिंतीला टेकवून ठेव. चौकट उतरवून ठेवायला कोणाची हरकत नसेल तर वर्षभर तिच्यावर तुझं लटकन, वाळलेली कणसं, दोन घंटा अडकव. भोक पाडावं लागणार नाही.

भोकांवरून आठवलं. चिकटवायच्या हुकांवर भिस्त ठेवू नकोस. पावसाळ्यात ओल धरलेल्या डिस्टेंपरवरून ते रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात, आणि मग घरमालक अनामत रकमेतून रंग काढतो. आणि पीओपीच्या छताला कुंडी कधीही टांगू नकोस. ही चूक मी स्वतः केली आहे. हौसेनं एका गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये फर्न टांगला, सुकी कुंडी उचलून बघितली तेव्हा हलकी वाटली. पाणी घातल्यावर माती किती जड होते हे माझ्यासारख्या बाईला ठाऊक नसावं? रात्री दोन वाजता कुंडी, माती आणि छताचा ताटाएवढा तुकडा टीपॉयवर. नुकसान मी भरून दिलं आणि त्या घरी पुन्हा कधी गेले नाही. टांगायचंच असेल तर काँक्रीटच्या स्लॅबला अँकर बोल्ट लागतो. भाड्याच्या घरात ते सोड आणि बाल्कनीच्या लोखंडी गजाला टांग.

हॉलसाठी मी सांगेन शिडी. सासूबाईंच्या माळ्यावर चढायची जुनी लाकडी शिडी असेल तर माग. पॉलिश पेपरनं घास, तळाला रबर लाव आणि भिंतीला टेकव. तिच्या पायऱ्यांवर चार वाकळी घातल्या की अख्खी भिंत भरते.

वाकळीचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुझ्या आठ हजारांतले बरेच इथेच वाचणार आहेत. माझ्या सोफ्यावर आहे ती माझ्या सासूच्या दोन नऊवारींची. एक हळदी, एक वांगी रंगाची. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. चार पदरी घडी घातली की एका लुगड्यात एका माणसाची गोधडी होते. मध्ये जुना मऊ धोतराचा तुकडा, वर-खाली लुगडं, आणि कडेकडेनं आत येत जाणारा धावदोरा. हळदी लुगड्याला चुलीतल्या निखाऱ्यानं बोटभर भोक पडलेलं. त्या भोकाच्या एका टोकाला शेपटी होती, म्हणून मी त्यावर वांग्याच्या रंगाचं ठिगळ माशाच्या आकाराचं कापून लावलं. आलेला प्रत्येक माणूस त्या माशावरून बोट फिरवतो. दुकानातल्या दुलईत कृत्रिम भराव असतो, तो ओला झाला की आठवडा ओला राहतो. वाकळ चार-पाच थरांचीच असल्यामुळे तासाभराच्या उन्हात कडक होते. माझ्या प्रश्नाला तिचं उत्तर नेहमी हो असतं.

सासूबाईंकडे लुगडं माग. "जुनं द्या" असं म्हणू नकोस, "तुमचं द्या" असं म्हण. कुणबी लुगड्याची तांबडी चौकडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते लुगडं पुन्हा लोकांपुढे आणलं, आता ते नव्यानं विणून मिळतं, पण नवीन महाग असतं. अख्खं घेऊ नकोस. उशांचे सोळा इंची दोन अभ्रे होतील एवढं कापड मिळालं तरी पुरे. त्यातलाच लाल आणि पांढरा हॉलभर पसरव, तिसरा रंग एकच, आंब्याच्या पानाचा हिरवा किंवा हळदी. चौथा रंग आला की पेडण्याच्या जत्रेतलं दुकान होतं. मला जत्रा आवडते, पण रात्री झोपायला नको.

जमिनीवर सुती शतरंजी घाल. हाताने धुता आली पाहिजे म्हणून चार बाय सहापेक्षा मोठी नको. सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येऊ देत, नाहीतर ती खोलीच्या मध्येच तरंगल्यासारखी दिसते. सोफ्याच्या पाठीवर सोलापुरी चादर. तिचं भौमितिक विणकाम बघून माझ्या एका परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं होतं की हे मोरोक्कोहून आणलंत का. मी म्हटलं, सोलापूरहून, एसटीनं. दारात आणि बाल्कनीत काथ्या. तागापेक्षा काथ्यात लाकडासारखा घट्ट अंश जास्त असतो, खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजवूनच तो नारळाच्या सोडणातून काढतात, त्यामुळे ओलाव्याला तो ताग टेकतो तसा टेकत नाही. पायाला टोचतो मात्र. म्हणून हॉलमध्ये नको.

आरशांचं भरतकाम हवं असेल तर किनाऱ्यावर लमाणी बायका विकतात. घेताना कापड उलटं करून बघ. हाताचं असेल तर मागे गाठी दिसतील, धाग्याचे कमीजास्त उड्या मारलेले टाके दिसतील आणि आरसा चारी बाजूंनी दोऱ्यात अडकवलेला असेल. मशीनचं असेल तर मागची बाजू पुढच्याइतकीच शहाणी असते. हाताचं असेल तर भावात फार घासाघीस करू नकोस, एका हातभर पट्टीला किती वेळ जातो ते मी स्वतः बसून बघितलंय.

वेताची खुर्ची ठेव, ती वाईट नाही. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर अशा ओल्या फडक्यानं पूस आणि सावलीत वाऱ्यावर वाळव, कडक उन्हात वेत तडकतो. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला काहीच चिकटवून ठेवू नये, कपाट तर नाहीच. बांबूची वस्तू घेशील तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घे, सूप आणि टोपल्या फार छान मिळतात. पण आणल्यावर पंधरा दिवस वर्तमानपत्रावर ठेव. खाली पिवळा भुगा पडला तर आत किडा आहे. रॉकेलचा ब्रश मारून बाहेर ठेव.

दिव्यांचं थोडक्यात. छताची पांढरी ट्यूब जेवायच्या वेळेपुरती लाव. बाकी संध्याकाळी दोन कोपऱ्यांत २७०० केल्विनचे पिवळे एलईडी पुरे. ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनच्या आसपास असतो, त्यात कितीही रंगीत वाकळ घाल, हॉल दवाखान्यासारखाच दिसतो. गेल्या दिवाळीचा आकाशकंदील फेकला नसशील तर त्याचा फाटका कागद काढून पातळ खादी चिकटव. आत एलईडीच घाल, तापणारा बल्ब नको.

आता हिशोब. शतरंजी आणि चादर, दोन बल्ब, बाल्कनीतला काथ्या, दोन अभ्र्यांचं कापड. मी हातानं बेरीज केली, पाच हजारांच्या आत बसतं. उरलेल्या पैशांचं काही घेऊ नकोस. एक पेटारा रिकामा ठेव. मे महिन्यात आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो ना, मिरच्या, सोलं, सुकं खारं, तसं उलटं कर. मे संपता संपता हॉलमधली झालरी, मॅक्रमे, जाड उशा धुऊन, कडक वाळवून, कापूर आणि कडुनिंबाचा सुका पाला घालून पेटाऱ्यात बंद कर. चार महिने घर जरा उघडं दिसेल. दिसू दे. दसऱ्याला पेटारा उघडलास की घर पुन्हा नवं.

प्रश्न : आमचं फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे. लाल जमीन, राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण), पुढच्या चार खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. मुलाला तिथे 'बोहो' होमस्टे करायचा आहे. तो म्हणतो जमिनीवर लाकडी दिसणारं विनायल टाकू, खिडक्या सरकत्या काचेच्या करू. मला पटत नाही, पण मी जुन्या विचारांचा ठरतो.
एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, तुम्ही जुन्या विचारांचे नाही, तुम्ही हिशोबी आहात. मुलाला सांगा, पाहुणा पैसे देईल तो ह्या जमिनीचे आणि ह्या खिडक्यांचे. विनायल त्याच्या मुंबईच्या घरीही आहे.

लाल जमिनीला पावसाळ्यात घाम फुटतो. वर विनायल घातलं की ती ओल खाली कोंडते आणि दोन वर्षांत कडा उचलतात. जमीन फिकी पडली असेल तर आधी फक्त साध्या पाण्यानं पुसा, आम्ल किंवा फिनाइल अजिबात नको. माझी आई रस काढून उरलेला नारळाचा चोथा फडक्यात बांधून गुडघ्यावर बसून जमीन घासायची. दुपारी पोटावर झोपलं की तोंड दिसायचं. भेगा असतील तर सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड कालवून भरून घ्या. रंग जुळणार नाही. चालेल, घराचं वय दिसतं त्यात.

शिंपल्यांना हात लावू देऊ नका. चपट्या शिंपल्याची ती कालवं आपल्याकडे चिखलीच्या खाडीत सापडतात आणि आता वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. एकदा तावदान काढलं की तसं दुसरं बाजारातून आणता येणार नाही. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, डोळ्याला टोचत नाही आणि बाहेरचा माणूस आत दिसत नाही. त्या खिडक्यांना पडदाच लावू नका, हे मी पडदे शिवून पोट भरलेली बाई सांगते. लाकडी चौकट ढिली झाली असेल तर सुताराकडून फक्त पट्ट्या बसवून घ्या.

मुलाचा हट्ट पुरवायचा असेल तर राजांगणात करू द्या. जुनी तांब्याची भाण असेल तिच्यात साधं अळू लावा. सोप्यावर वाकळी आणि तक्के टाका. एका कोपऱ्यात आडोळी आणि रगडा तसेच राहू द्या. पाहुणे आडोळीवर बसून फोटो काढतात, आणि एखादा नारळही खवून देतो.

प्रश्न : बाल्कनीत अकरा कुंड्या आहेत. खालच्या थाळ्यांत पाणी साचतं आणि शेजारी डेंग्यूवरून भांडतात. झाडं काढू का?
एक वाचक, वास्को

उत्तर : झाडं नको, थाळ्या काढा. पावसाळ्यात कुंडीखाली थाळी लागतच नाही, दोन विटांवर कुंडी ठेवा आणि पाणी वाहून जाऊ द्या. उन्हाळ्यात थाळी हवीच असेल तर वाळूनं काठोकाठ भरा. मनी प्लांट बाटलीत ठेवला असेल तर दर चार दिवसांनी पाणी बदला आणि बाटली आतून घासा. डासाची अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. आणि शेजाऱ्यांना एक फांदी द्या. मनी प्लांटची फांदी गाठीखाली कापली की आठ-दहा दिवसांत मुळं धरते.